एक्केचाळीस चिठ्ठ्या

रेंटी ग्रेसनला वाचता येत नव्हतं, पण खुणा ओळखण्यात टॅबी बेटावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कापसाच्या गोणीवरचा शिक्का दुरून बघून माल कुठल्या मळ्यातला ते तो सांगायचा. खाडीच्या पाण्याचा रंग बघून खाली वाळू आहे की चिखल ते सांगायचा. बेटावरून शहराला जाणारी होडी त्याची, त्यामुळे माणसं, निरोप, पोती, सगळं त्याच्या हातून जायचं. आणि स्वारी हे जरा मिरवायचीही, उगाच खोटं कशाला बोला.

"मला अक्षरं कशाला हवीत?" तो बायकोला म्हणायचा. "ज्याला डोळे नाहीत त्यानं शिकावीत अक्षरं."

"हो ना," बायना म्हणायची. "त्याच डोळ्यांनी काल माझ्या ताटातलं रताळं मात्र बरोबर ओळखलंस."

बायना दर रविवारी दुपारी शाळेत जायची. शाळा म्हणजे एक फळ्यांची खोली. चाळिशीच्या बायका पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या आणि एकेक अक्षर चिमटीत धरल्यासारखं वाचायच्या. ही खोली एझ्रा टॉल्बर्टनं उभी केली होती. टॉल्बर्ट शेजारच्या बेटावरचा, एकेकाळी टॅबीच्या लोकांसारखाच विकत घेतलेला आणि फटके खाल्लेला. उत्तर-दक्षिणेची लढाई संपून अकरा वर्षं झाली होती, गुलामी गेली होती, काळ्या पुरुषांना मत मिळालं होतं, आणि दक्षिण कॅरोलायनाच्या विधानसभेत टॉल्बर्ट ह्या किनाऱ्याचा माणूस म्हणून बसत होता.

यंदा त्याच्यासमोर कर्नल पिंकर्ड उभा होता. कर्नल पिंकर्ड म्हणजे टॅबी बेटाचा जुना मालक. बेटावरचं प्रत्येक म्हातारं माणूस कधी ना कधी त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या वहीत गाई-बैलांच्या खाली लिहिलेलं होतं. तो आला की शाळेला कुलूप, कोर्टातल्या पंचांत पुन्हा सगळे गोरे, आणि मत उरणार ते कागदावर. हे सांगायला कुणी पुढारी लागत नव्हता. चुलीपुढे बसलेल्या बाईलाही ते कळत होतं.

बायकांना मत नव्हतं. म्हणून त्यांनी काय केलं, तर निवडणुकीच्या आधीच्या रविवारी प्रार्थनाघरात उभं राहून शपथ घेतली. जो पुरुष कर्नलला मत देईल त्याच्यासाठी चूल पेटवायची नाही आणि त्याच्या छपराखाली राहायचं नाही. शपथ सांगत होती बायना. आवाज असा, की खाडीपलीकडे ऐकू जावा.

"बघ हं, रेंटी," घरी येताना ती म्हणाली.

"मला काय सांगतेस? मी काय पिंकर्डचा जावई?"

"मी सगळ्यांना सांगते. त्यात तू आलास."

तेव्हा मत द्यायला सरकारी कागद नसे. ज्या त्या पक्षानं आपली चिठ्ठी छापायची, लोकांत वाटायची, आणि मतदारानं ती घडी घालून पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्यांसाठी टॉल्बर्टच्या पक्षानं चिठ्ठीवर लिंकनचा चेहरा छापला होता. ती दाढी आणि ते आत गेलेले गाल बेटावर पोरंसुद्धा ओळखत.

चिठ्ठ्या आणायला मतदानाच्या आदल्या सकाळी रेंटी शहरात गेला. धक्क्यावर टॉल्बर्टचा माणूस भेटायचा होता. तो दिसला नाही. त्याच्या जागी एक तरुण गोरा उभा होता, अंगात स्वच्छ कोट, काखेत पुडकं. रेंटीनं होडी बांधली तसा तो पुढे आला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"मिस्टर ग्रेसन आपणच ना?" तो म्हणाला. "टॉल्बर्टसाहेबांची माणसं वरच्या बेटांवर गेलीत. टॅबीचं पुडकं माझ्याकडे दिलंय."

मिस्टर. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात गोऱ्या माणसानं रेंटीला पोऱ्या म्हटलं होतं, काळ्या म्हटलं होतं, त्याहून घाण काय काय म्हटलं होतं. मिस्टर म्हणून कुणी टोपी काढली नव्हती. उत्तरेकडून आलेले गोरे शिक्षक, गोरे वकील टॉल्बर्टच्या पक्षात होतेच, तेव्हा ह्यात नवल ते काय, असं त्याला वाटलं. तरी त्यानं पुडकं सोडून एक चिठ्ठी वर काढली, उजेडात धरली. दाढी, गाल, सगळं जागच्या जागी होतं.

"हीच," रेंटी जाणकारासारखा म्हणाला.

"आपल्याला कोण फसवणार," तो गोरा म्हणाला आणि हसला. रेंटीही हसला.

दुसऱ्या दिवशी टॅबीचे एक्केचाळीस पुरुष चार होड्यांतून पलीकडच्या किनाऱ्यावर गेले. तिथे पाच बेटांची मिळून एक पेटी होती. रेंटीनं प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. मिंगोआजोबांना दोघांनी खुर्चीवर बसवून उचलून नेलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरत होते, म्हणून त्यांची घडी रेंटीनंच घातली. आजोबांनी चिठ्ठी पेटीत सोडली आणि कान लावून बसले.

"पडली का रे? आवाज नाही आला."

"पडली, आजोबा. आवाज मोजताना येतो."

"मग येऊ दे," आजोबा म्हणाले, आणि परतताना होडीत लहान पोरासारखे हसत राहिले. नवव्या दिवशी ते गेले. शेवटपर्यंत येईल त्याला सांगत होते, जन्मभर पिंकर्डनं मला विचारलं नाही, पण मी त्याला सांगून आलो.

एझ्रा टॉल्बर्ट अडतीस मतांनी पडला.

आकडा आला आणि पाचही बेटांवर सुतक आल्यासारखं झालं. मग संशय आला. आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय, एवढं सगळ्यांना कळत होतं. एक बेट दुसऱ्या बेटाकडे बोट दाखवायचं. टॉल्बर्टच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो बायकामुलं घेऊन उत्तरेला निघून गेला. कोर्टात कर्नलचीच माणसं, तक्रार करायची तरी कुणाकडे? मग आपल्या घरातला चोर शोधणं तेवढं हातात उरलं. प्रार्थनाघराचा कारभार बघणारे डीकन शेड्रॅककाका म्हणाले, येत्या रविवारी प्रत्येक पुरुषानं उभं राहून शपथेवर सांगायचं.

शनिवारी दुपारी बायना नवऱ्याच्या टोपीचं फाटलेलं अस्तर शिवायला बसली. आत तिला एक चिठ्ठी सापडली. पुडक्यातली एक रेंटीनं ठेवून घेतली होती. नाताळात बायकोपुढे बसायचं आणि म्हणायचं, घे, ह्या कागदावरून मला पहिलं अक्षर शिकव, असं त्याच्या मनात होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगतो कसा, अक्षरांची जन्मभर टिंगल केलेला माणूस.

तो जाळं विणत दारात बसला होता. बायना चिठ्ठी घेऊन उजेडाला आली. वरच्या बाजूला नक्षीदार अक्षरांची एक ओळ होती, वेलबुट्टीसारखी गुंतलेली. तसली अक्षरं तिला अजून येत नव्हती. ती सोडून तिनं खालची साधी अक्षरं वाचायला घेतली.

"पिं," ती म्हणाली. "पिं. क. पिंक." मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "पिंकर्ड."

रेंटीनं वर बघितलं.

"टॉल्बर्ट कुठेय ह्यात?" तो म्हणाला.

"टॉल्बर्ट नाही. वरपासून खालपर्यंत त्यांचीच माणसं आहेत." बायनाचा आवाज अगदी खाली आला होता. "रेंटी, ही तुझ्या टोपीत काय करते?"

त्याला धक्का दिसला, तो स्वच्छ कोट दिसला, टोपी काढलेलं डोकं दिसलं. एक्केचाळीस हात दिसले, आणि प्रत्येक हातात त्यानंच ठेवलेली चिठ्ठी. अडतीसपेक्षा एक्केचाळीस जास्त, एवढा हिशेब त्याला येत होता. बायको उभी होती, लाजेनं त्याला एक शब्द बोलता आला नाही.

ती वाट बघत राहिली. एक 'नाही' ऐकायला ती किती आसुसली होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं आपली गोधडी घेतली, पाटी घेतली आणि बहिणीच्या घरी निघून गेली. शपथ तिनंच सांगितली होती, तीच ती कशी मोडणार?

रात्रभर रेंटीनं मनाशी ठरवलं, की उद्या सगळं सांगायचं. गोऱ्यानं टोपी काढली आणि मी भुललो, हेसुद्धा सांगायचं. लोक हसतील, शिव्या घालतील, घालू देत. पण बायना घरी येईल. तो वाक्यं जुळवत राहिला, आणि रविवारी सकाळी प्रार्थनाघरात गेला तेव्हा ती सगळी तोंडपाठ होती.

बायना पहिल्या बाकावर बसली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. तिनं दिलेली चिठ्ठी शेड्रॅककाकांच्या हातात होती.

"रेंटी ग्रेसन," काका म्हणाले, "ही तुझी?"

"माझी. पण काका, मला आधी सांगू द्या."

"सांग की. त्यासाठीच उभा केलाय."

तेवढ्यात हेगरआजी उठली. मिंगोआजोबांची ती बायको. काळं फडकं डोक्याला, हातात काठी.

"तो बोलायच्या आधी मी बोलते," ती म्हणाली. "खायला घालायला आता माझा मिंगो नाही, चादर ओढायला मिंगो नाही. मी रिकामी झोपडी घेऊन बसलेय. पण रोज सकाळी उठते ती एका गोष्टीवर. माझा नवरा त्या पिंकर्डच्या तोंडावर नाही म्हणून गेला. ऐंशी वर्षं हो म्हणाला, आणि एकदा नाही म्हणून गेला. तेवढं माझ्याजवळ आहे. आणि हा," तिनं काठी रेंटीकडे केली, "हा त्याच होडीत बसून ही चिठ्ठी टाकतो. विचारा त्याला, मिंगोच्या शेजारी बसताना ह्याला काहीच कसं वाटलं नाही?"

ती खाली बसली. कुणीतरी तिचा खांदा धरला.

रेंटी उभाच होता. त्यानं एकेका बाकाकडे बघितलं. चाळीस घरं. तिथल्या बायका नवऱ्याला जेवायला वाढत होत्या, मान वर करून बघत होत्या. आता तो चार वाक्यं बोलला, की त्यातल्या प्रत्येकीला कळणार होतं, की टॉल्बर्ट आपल्याच माणसाच्या हातानं पडला. नकळत पडला म्हणून काय झालं, रोज ताटावर बसताना ते मध्ये येणार होतं. आणि हेगरआजी उद्या सकाळी कशावर उठणार होती?

माणूस काही संत नव्हता. त्याला भीतीही वाटत होती, सगळ्यांनी मिळून आपल्याला खाडीत बुडवलं तर काय, हाही विचार मनात येऊन गेला. पण तो अडला तो त्यामुळे नाही. त्याची नजर बायनाच्या मानेवर होती. वळून बघितलं असतं तिनं, तर कदाचित त्याच्या तोंडून निघून गेलं असतं. ती वळली नाही.

"टाकली," रेंटी म्हणाला. "जाणूनबुजून टाकली. बाकीच्यांना खरी दिली आणि माझी वेगळी ठेवली."

"का?" शेड्रॅककाकांनी विचारलं.

ह्याचं उत्तर त्यानं जुळवलं नव्हतं. "वाटलं म्हणून," तो म्हणाला.

एका माणसाच्या मतानं अडतीस मतं कशी फिरतील, हे कुणी विचारलं नाही. आपल्या बेटाचा चोर सापडला, बाकीच्या बेटांनी आपापले शोधावेत. प्रार्थना संपली की सगळे ओळीनं एकमेकांचा हात हातात घेत, तसा त्यांचा रिवाज. त्या दिवसापासून रेंटीचा हात घ्यायचा नाही असं ठरलं. त्यानं यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि ओळ लागायच्या आत बाहेर पडायचं.

पुढचे दिवस कसे गेले म्हणून सांगू. त्याच्या होडीत कुणी पाय ठेवेना. दोन घरं सोडून राहणारा टोबी पंधरा वर्षं त्याच्याबरोबर जाळं टाकायचा, त्यानं आपलं जाळं कापून वेगळं केलं. रेंटी भात एकट्यापुरता शिजवायला शिकला, तोही कधी जास्त व्हायचा, मग दुसऱ्या दिवशी तोच खायचा. कुणाशी बोलणं नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा त्याच्या कानावर आवाज पडला आणि तो दचकला, तर तो स्वतःच होडीला काहीतरी सांगत होता. नाताळ आला आणि गेला. जानेवारीत शाळेला कुलूप लागलं. त्या दिवशी त्याला घर खायला उठलं. कुलूप बघायला तो गेला, लांबूनच, चिंचोळ्या वाटेवरून बघून परत आला.

रविवारी तेवढं बायनाचं डोकं दिसायचं, पहिल्या बाकावर, सात ओळी पुढे. ते बघायला तो जायचा. देव त्याला ह्याबद्दल काय म्हणायचा असेल ते म्हणो.

फेब्रुवारीत एका सकाळी मोठी ओहोटी होती. बायका टोपल्या घेऊन कालवं काढायला चिखलात उतरल्या होत्या. रेंटी जरा दूर, खडकापलीकडे होडीला डांबर लावत होता. चिखलात पावलांचा आवाज आला. वर बघितलं तर बायना. हातात कालवं फोडायची कोयती, टोपली अर्धी भरलेली.

"वर बघू नकोस," ती म्हणाली. "काम करत राहा. त्या बघताहेत."

तो खाली बघून डांबर लावत राहिला.

"ती वरची ओळ वाचली मी," बायना म्हणाली. "नक्षीवाली. चिठ्ठी काकांकडून मागून घेतली. शाळा बंद, विचारायला कुणी नाही, तर एकेक अक्षर जमिनीवर काढून बघितलं. महिना लागला. वर काय लिहिलंय माहीत आहे? आपल्या पक्षाचं नाव. नाव आपलं, चेहरा लिंकनचा आणि खाली माणसं त्यांची."

रेंटीनं कुंचा पुन्हा डांबरात बुडवला.

"जो आपण होऊन विकला जातो, त्याच्यासाठी कशाला कुणी सोंग छापेल? त्याला सरळ कर्नलची चिठ्ठी नसती दिली? सोंग छापतात ते विकल्या न जाणाऱ्यासाठी." तिनं एक कालव उचललं, न फोडताच टोपलीत टाकलं. "सगळ्या तसल्याच होत्या ना?"

"हो."

"एक्केचाळीस?"

"हो."

"मिंगोआजोबांची?"

"घडी मीच घातली होती."

पलीकडे बायकांचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं, त्यात हेगरआजीच्या सुनेचा आवाज होता.

"मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी तुझी कोण होते?"

"लाज वाटली," रेंटी म्हणाला. "आणि मग आजी बोलली."

"मूर्ख आहेस तू." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चिखलाचे, पुसणार कशानं. "रेंटी, मी रोज तुझ्या चुलीचा धूर बघते. निघाला की मग मी माझी पेटवते."

"घरी चल," तो म्हणाला. एवढे दिवस मनात घोळलेले ते दोनच शब्द होते.

"कशी येऊ? शपथ सगळ्यांना मी दिली. मी आले, तर पहिली हेगरआजी विचारेल, का गेलीस परत? मी काय सांगू? खोटं सांगितलं तर शपथ गेली. खरं सांगितलं तर तू एवढे दिवस एकटा कशाला कुजलास?"

रेंटीनं एकाच फळीवर डांबराचा दुसरा हात दिला.

"बायना," पलीकडून बहिणीची हाक आली, "काय चाललंय गं तिकडे? त्याच्याशी बोलतेस की काय?"

बायनानं नाक वर ओढलं. रेंटीकडे एकदाच नीट बघितलं, केस किती पिकले, हाडं किती वर आली, ते सगळं बघून घेतलं. मग तिनं कोयती उगारली आणि शपथ सांगताना लावला होता तो आवाज लावला.

"तोंड काळं कर माझ्यासमोरून," ती ओरडली. "पिंकर्डचा कुत्रा. माझ्या वाटेत पुन्हा उभा राहिलास तर ह्या कोयतीनं पाय तोडीन. ऐकलंस का? जेवलास की मेलास, मला काही देणंघेणं नाही."

पलीकडे बायका हसल्या. एक जण म्हणाली, शाब्बास गं बाई. बायना टोपली उचलून त्यांच्यात परत गेली, चिखलातून भराभर पावलं टाकत. रेंटीनं शिव्या खाणाऱ्यानं घालावी तशी मान खाली घातली आणि ती बरीच दूर जाईपर्यंत वर केली नाही.